खैरनार काकूंची भिंत

नवं भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा सगळ्या अटी सांगून झाल्यावर घरमालकांना जिन्यात चपला घालता घालता एक राहून गेलेली अट आठवली. "आणि हो, भिंतींना खिळे ठोकायचे नाहीत." मला हसू फुटलं. मालक गोंधळले. संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला डोळ्यांनी दटावलं आणि त्यांना म्हणाला, "काळजी करू नका काका. आम्हाला सवय आहे."

सवय आहे हे अगदी खरं. लग्न होऊन नाशकात आले तेव्हापासून मी बिनखिळ्यांच्या भिंतींतच संसार केला. फरक एवढाच, की तिथे अट घालणारा घरमालक नव्हता. अट घालणाऱ्या होत्या शेजारच्या खैरनार काकू, आणि त्यांच्या मालकीची तिथे एक वीटसुद्धा नव्हती. काकू आता नाहीत, त्यांचे अण्णाही नाहीत. शेड मात्र आहे.

पेठ रोडला शहर संपत आलं की सिमेंटच्या पत्र्यांच्या लांबच लांब शेड दिसतात. तिथल्या माणसांना कुठे राहता म्हणून विचारलं, तर ती 'ट्रान्झिटमध्ये' असं सांगतात. माझ्या सासरची मंडळी पूर्वी गोदावरीजवळच्या एका वस्तीत राहायची. मागच्या कुंभमेळ्याच्या आधी तिथून रस्ता न्यायचा ठरला आणि सगळी वस्ती उचलून या शेडमध्ये आणून ठेवली. तात्पुरती. "पुढच्या कुंभाच्या आत पक्की घरं," असं सामान भरायच्या टेम्पोजवळ उभं राहून एका साहेबांनी सांगितलं होतं. लग्न ठरताना माझ्या वडिलांनाही तेच सांगण्यात आलं. मी देवळ्याची. पुढे अंगण, मागे कांद्याची चाळ, अशा ऐसपैस घरातली. शेडमधली ती एक खोली बघून माझा चेहरा पडला होता, पण आईला फोनवर म्हटलं, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

माहेरहून मी एक आरसा आणला होता, लाकडी चौकटीचा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संदीपला म्हटलं, तेवढा लावून दे. त्याने आधी हो-नाही केलं, पण नवी बायको म्हटल्यावर बिचारा उठला. खिळ्यावर दोन घाव पडले असतील नसतील, दारातून आवाज आला, "कोन ठोकी ऱ्हायनं रे?"

काकू मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं नाशिकचंच, पण राग आला की अहिराणी. उंच, काटक, मिश्रीने काळे पडलेले दात आणि पदर कमरेला असा खोचलेला, की आत्ता कुणाचं तरी सामान उचलायला आल्यात. संदीप हातोडी पाठीमागे लपवून उभा राहिला. कंपनीत सुपरवायझर असलेला माणूस, पण चोरी पकडल्यासारखा दिसत होता.

"काकू, आरसा लावतोय."

काकूंनी आरसा निरखून पाहिला, मग मला. आवाज खाली आला. "आरसा ब्येस हाय बाई. पण आपण इथं राहत नाय. आपण इथं उतरलोय."

मग त्यांनी स्वतःच्या हाताने पक्कडीने खिळा उपसला. सासूबाईंनी कुणी न सांगताच टूथपेस्टची ट्यूब आणून दिली, काकूंनी बोटाने ती भोकात भरली आणि भिंत पदराने पुसली. हा विधी जुना आहे हे माझ्या लक्षात आलं. आरसा पुढे सगळी वर्षं पिंपाला टेकून राहिला. केस विंचरायला मला वाकावं लागायचं.

'उतरलोय' हा शब्द काकूंनी धर्मशाळेतून आणला होता. तरुणपणी त्या पंचवटीतल्या एका धर्मशाळेत झाडलोट करायच्या. तिथले मॅनेजर रोज सकाळी पक्कड घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचे. ज्या यात्रेकरूने कपडे टांगायला भिंतीत खिळा मारला असेल, तो लवकर हलत नाही, असा त्यांचा पक्का अनुभव. खिळा दिसला की त्या माणसाला त्याच दिवशी विचारायचे, "निघणार कधी?" काकूंनी तेच उलटं धरलं. आपण खिळा मारला नाही, तर आपण निघणार हे नक्की. साहेब लोक आले आणि त्यांनी भरल्या भिंती पाहिल्या, तर म्हणतील, ही मंडळी रुजली की इथे.

त्यामुळे आमच्या शेडमध्ये भिंती सोडून सगळीकडे वस्तू होत्या. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला दोऱ्या, तारा आणि आकडे लावून पिशव्या, दप्तरं, कंदील, पाळणे टांगलेले. अँगलला काकूंची हरकत नव्हती, तो भिंतीत मोडत नाही म्हणे. कॅलेंडरं जमिनीवर उभी. तुळस रंगाच्या रिकाम्या डब्यात, उचलून चालू पडता येईल अशी. पाहुणे डोकी सांभाळत यायचे. समोरच्या खोलीतले सलीमभाई, ज्यांचं कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान होतं, ते म्हणायचे, "हमारे यहाँ माणसं खाली आणि संसार वर."

काकूंच्या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो अण्णांना. अण्णा म्हणजे काकूंचे यजमान. जन्मभर तांब्याच्या भांड्यांच्या दुकानात ठोकायचं काम केलेलं, त्यामुळे कान पार गेलेले. अगदी शांत माणूस. काम सोडताना दुकानाच्या शेटनी त्यांना भिंतीवरचं एक मोठं गोल घड्याळ दिलं होतं. ते घड्याळ ट्रंकेवर उताणं पडलेलं असायचं. वेळ बघायची झाली की अण्णा उठायचे, ट्रंकेपाशी जायचे आणि विहिरीत डोकावावं तसं वरून घड्याळात बघायचे. त्यांना वेळेचं काही काम नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. पण ऐकू येणं गेल्यापासून दिवस कळायला त्यांच्याकडे तेवढंच राहिलं होतं. मी एकदा काकूंना म्हटलं, "अहो, निदान अण्णांचं घड्याळ तरी लावू द्या."

"लावणार तर," काकू म्हणाल्या. "पक्क्या घरात पहिला खिळा त्याचाच. हातोडीबी त्यांचीच ठेवलीय." आणि त्यांनी ट्रंक उघडून फडक्यात गुंडाळलेली ती हातोडी मला दाखवली. अण्णा समोर बसून हसत होते. काय बोलणं चाललंय ते त्यांना न ऐकता कळलं असावं. त्यांना दुसरं काही नको होतं. पक्क्या घराच्या भिंतीवर आपलं घड्याळ, एवढंच.

कुणाला वाटेल, मग शेड सोडून दुसरीकडे का नाही जायचं? तर शेड सोडली की घराचा हक्क गेला. खोली बंद दिसली तरी यादीतून नाव कमी व्हायचं. पोटापुरती कमाई असलेल्यांना शहरात भाडं परवडत नव्हतं, आणि परवडणाऱ्यांना इतकी वर्षं काढलेली वाया घालवायची हिंमत नव्हती. माझी नणंद बाळंतपणाला आली तरी सासूबाई तिला म्हणायच्या, जागा अपुरी आहे, पण पक्कं घर आता आलंच आहे जवळ. जवळ आलंय, जवळ आलंय असं म्हणत त्या बाळाची मुंज होऊन गेली.

काकू मात्र नुसत्या वाट बघत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. घरांविषयी कुठेही सभा असो, बैठक असो, त्या हजर. डबा बांधून निघायच्या, कारण कचेरी म्हणजे दिवसाचं काम. तिथे खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत. "उभ्या माणसाला साहेब लवकर वाटेला लावतो," हे त्यांचं गणित. आणि मागणी एकच, गेली कित्येक वर्षं तीच.

एकदा मी सोबत गेले होते. शहरातल्या घरांचं नवं धोरण यायचं होतं आणि त्यावर हरकती ऐकायला एका सभागृहात सुनावणी होती. पुढच्या रांगांत बांधकामवाले, मागे आमच्यासारखे. साहेब भला माणूस दिसत होता. काकूंचं नाव पुकारल्यावर म्हणाला, "बोला मावशी. तुमची हरकत काय?"

"माणसं हलवता तवा तात्पुरतं म्हणता. तात्पुरतं म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत, ते नियमात लिहा."

"तुमच्या शेडचा विषय दुसऱ्या विभागाकडे आहे, मावशी."

"शेडचं नाय विचारत. इथून पुढं ज्याला हलवाल त्याचं सांगते. तारीख लिहा. त्या तारखेला घर नाय दिलं, तर त्याला राहायचं भाडं द्या."

साहेब हसून म्हणाला, "तारीख लिहिली की ती पाळावी लागते हो."

सगळं सभागृह हसलं. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. काकू हसणं संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच लिहा." एवढं बोलून खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "चल, डबा खाऊ."

बसमध्ये मी त्यांच्यावर चिडले. "तुम्ही आपलं का नाही मागितलं?"

"आपलं मागितलं तर म्हणतील, एका शेडचं गाऱ्हाणं हाय. समद्यांचं मागितलं की त्यात आपलं येतंच," असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. त्यांना तशी खात्रीच होती.

काकूंचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. एका उन्हाळ्यात कचेरीने एक ठेकेदार पाठवला. फुटके पत्रे बदलून देणार होता आणि खाली फरशी घालून देणार होता. बायका हरखल्या. काकू त्याच्या टेम्पोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "फरशी घातली की साहेब म्हणणार, आता तुम्हाला कमी काय हाय? नको आपल्याला."

सलीमभाईंची धाकटी सना दम्याची. पावसाळ्यात ओल चढली की तिचा श्वास समोरच्या आमच्या खोलीत ऐकू यायचा. सलीमभाई तावातावाने आले. "काकू, तत्त्व आपका, पानी मेरे घर में. घर मिळेल तेव्हा मिळेल. छत तरी घेऊ द्या."

बाहेर पारावर बैठक झाली, आवाज चढले, आणि थोडक्या फरकाने काकूंची बाजू सरस ठरली. ठेकेदार पत्रे आणि फरशी परत घेऊन गेला. त्या पावसाळ्यात निम्मी शेड काकूंशी बोलत नव्हती. मीही त्यांतलीच. रात्रंदिवस बादल्या लावून आणि पुसून हात सोलवटले होते, आणि या बाईला हा हट्ट कुणी सांगितला होता, असं मला मनापासून वाटायचं. काकूंची खोली तर सगळ्यांत जास्त गळायची. तरी त्यांनी अण्णांच्या खाटेवरची ताडपत्री काढून सलीमभाईंच्या पत्र्यावर टाकली. स्वतः शिडी चढून टाकली. सलीमभाई दारात उभे राहून बघत होते. शिडी मात्र त्यांनी धरली.

आणि मग एक दिवस काकूंची मागणी खरोखर मान्य झाली. सलीमभाई सकाळी वर्तमानपत्र घेऊन धावतच आले. नव्या धोरणात तारीख आली होती. माणसांना हलवताना पक्कं घर कधी देणार ते लिहून द्यायचं, आणि चुकलं तर भाडं द्यायचं. काकूंचं वाक्य, फक्त सरकारी भाषेत. शेडमधली माणसं गोळा झाली, कुणीतरी काकूंच्या पाया पडायला लागलं. सलीमभाई मोठ्याने वाचत होते, आणि शेवटाला येऊन एकदम गप्प झाले.

"वाच की," काकू म्हणाल्या.

"हे यापुढे हलवणार त्यांना आहे, काकू. आधी हलवलेल्यांना नाही."

माझ्या डोळ्यांपुढे ते सभागृह आलं. इथून पुढं ज्याला हलवाल त्याचं सांगते. काकूंनी मागितलं होतं ते त्यांनी अक्षरशः दिलं होतं. मला इतका संताप आला, की कुणावर काढावा कळेना. काकूंनी वर्तमानपत्र हातात घेतलं, त्यांना वाचता येत नव्हतं तरी थोडा वेळ बघितलं आणि घडी घालून सलीमभाईंना परत दिलं. "बरं झालं," म्हणाल्या. "त्यांचं तरी झालं." आणि चहा टाकायला आत गेल्या.

तेव्हापासून त्या जरा कमी बोलू लागल्या. सभांना जायच्या, पण डबा परत आणायच्या, न खाता.

पुढे एक बाई त्यांना शोधत आली. तिची वस्ती नव्या नियमाखाली हलली होती आणि ठरल्या तारखेला तिला घराची किल्ली मिळाली होती. तिने काकूंची खणानारळाने ओटी भरली आणि वास्तुशांतीला यायचंच म्हणून हात धरून बसली. काकू-अण्णा गेले. मीही गेले. छोटंसं घर, पण भिंती अशा गुळगुळीत, की हात फिरवावासा वाटावा. देव एका फळीवर, फोटो ओळीने, आणि खिडकीच्या वर घड्याळ. अण्णा पंख्याखाली खुर्चीत बसले आणि जेवण होईपर्यंत त्या घड्याळाकडे बघत राहिले. मान वर करून. काकू आधी त्यांच्याकडे बघत होत्या, मग बघेनाशा झाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. खाटेवरून उठणं संपलं, आणि उठणं संपल्यावर घड्याळात डोकावणंही संपलं. दिवसभर ते डाव्या हाताने खाट वाजवायचे आणि जड जिभेने विचारायचे, "कितला वाजनात?" किती वाजले. काकू बोटं दाखवायच्या. दोन बोटं, चार बोटं. पण अण्णांना दुसऱ्या क्षणी ते आठवायचं नाही, की पटायचं नाही कोण जाणे, ते पुन्हा खाट वाजवायचे. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागूनच. स्वयंपाक करताना, भाजी चिरताना, मला तो आवाज ऐकू यायचा. कितला वाजनात. कितला वाजनात.

काकूंनी सगळे उपाय केले. घड्याळ ट्रंकेवर उभं करून भिंतीला टेकवलं, पण खाटेवरून ते दिसेना. हातात धरून उभ्या राहिल्या, पण किती वेळ राहणार? शेवटी अँगलला सुतळी बांधून घड्याळ टांगलं. पंख्याच्या वाऱ्याने ते सुतळीवर गोल फिरायला लागलं. अर्धा वेळ पाठ, अर्धा वेळ तोंड. अण्णा घड्याळाचं तोंड पुन्हा आपल्याकडे वळायची वाट बघत पडलेले असायचे, आणि वळलं की नीट बघून व्हायच्या आत ते पुढे निघून जायचं. पंखा बंद करावा तर उन्हाळा. मी एकदा काहीतरी द्यायला गेले होते, तेव्हा काकू खाटेशी बसून त्या फिरणाऱ्या घड्याळाकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "मनीषा, ह्याला दुसरं काय करता येईल?" मला ठाऊक होतं काय करता येईल. त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, बघू, संदीपला विचारते.

कुंभाची कामं तेव्हा शहरभर पुन्हा सुरू झाली होती. रस्ते खणलेले, बॅरिकेड लागलेले. म्हणजे ज्याच्या आत आमची घरं व्हायची होती, तो कुंभ आला होता.

त्या रविवारी संध्याकाळी मी कणीक मळत होते, आणि भिंत हादरली. एक घाव. मग थोडं थांबून दुसरा. आमच्या बाजूचा चुना ओट्यावर पडला. संदीपने पेपरमधून डोकं वर काढलं. सासूबाई पलंगावर उठून बसल्या. पलीकडून तिसरा घाव आला, आणि आम्ही तिघंही बाहेर धावलो. समोरून सलीमभाई हात पुसत आले. एकेका खोलीतून माणसं बाहेर यायला लागली. काकूंच्या दारात जायला मात्र कुणी धजेना.

गेले ते सलीमभाई. काकू स्टुलावरून खाली उतरत होत्या, हातात अण्णांची ती हातोडी. खाटेसमोरच्या भिंतीवर घड्याळ लागलं होतं, जरासं तिरपं. सलीमभाई घड्याळाकडे बघतच राहिले. सगळ्यांत जास्त भांडलेला माणूस, पण तेच आता हात जोडून म्हणाले.

"काढा तो, काकू. मी येत जाईन रोज. दर घंट्याला येऊन अण्णांना टाइम सांगतो. आप निकालो उसको."

"त्यांना ऐकू येत नाय रे बाबा," काकू म्हणाल्या.

काकू नंतरही मला पुष्कळदा दिसल्या. आम्ही हक्क सोडून शेडमधून निघालो, तेव्हा त्यांनी माझा आरसा टेम्पोत ठेवायला मदत केली. पण आठवण निघाली की काकू डोळ्यांपुढे येतात त्या त्याच संध्याकाळच्या. उंबऱ्यात बसलेल्या, हातोडी मांडीवर. बराच वेळ गेल्यावर कोपऱ्यातल्या खोलीतली एक सून आली आणि खाली बघत म्हणाली, "काकू, हातोडी देता?" काकूंनी दिली. ती परत करून गेली, तर दुसरं कुणी आलं. दिवे लागेपर्यंत साऱ्या शेडमध्ये ठोकाठोक सुरू झाली होती. कुणी देव लावत होतं, कुणी बापाचा फोटो. सना दारात उभी राहून ऐकत होती. सलीमभाईंनी हातोडी मागितली नाही. ऐकू येत नव्हतं ते एकट्या अण्णांना. ते घड्याळाकडे बघत होते, आणि खाट वाजवायचे थांबले होते.

आमचा खिळा ठोकून झाल्यावर हातोडी परत द्यायला मी गेले. संदीपने तो आरशासाठी ठोकला होता, पण मला अजून त्यावर आरसा टांगायचा धीर झाला नव्हता. काकूंनी हातोडी घेतली, पदराने पुसली.

"घट्ट बसला ना?" त्यांनी विचारलं.

"बसला," मी म्हटलं.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि पुढचं कोण येतंय ते बघायला त्यांनी मान वळवली.